कासमभाईंची हाक

कासमभाई मुकादम माणसं मोजत नसत.

आखातात या वाक्याला केवढं वजन आहे, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. इथे माणूस आधी मोजला जातो आणि वेळ उरला तर ओळखला जातो. कॅम्पमध्ये खाटांवर मोजतात, बसमध्ये चढताना मोजतात, साइटच्या फाटकावर मोजतात, परत येताना पुन्हा मोजतात. मोजायच्या मापाला 'नफर' म्हणतात. दहा नफर पाठव, दोन नफर आजारी, चार नफर गावाला. हा शब्द मी इतक्या जणांच्या तोंडून इतक्या सहज ऐकला आहे की सिमेंटच्या गोणीबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जास्त माया असते, असं मला वाटतं.

मस्कतजवळच्या गाला या औद्योगिक भागात आमची कंपनी आहे. इमारतींना, टाक्यांना, कारखान्यांच्या चिमण्यांना बाहेरून लोखंडी पाइपांच्या परांच्या बांधून देणं हा तिचा धंदा. मी तिथे स्टोअरमध्ये. परांच्या बांधणाऱ्या टोळीचे मुकादम होते कासमभाई. आडनावही मुकादम आणि कामही मुकादमाचं. दाभोळच्या खाडीकाठचं गाव, आखातात तीस-एक वर्षं काढलेली, खांद्यावर चौकड्यांचा टॉवेल, आखूड कातरलेली पांढरी दाढी, आणि परांचीच्या पाइपासारखा सरळ कणा.

सकाळी अंधुक उजेडात यार्डात बस उभी राहायची. फाटकावर बोटाचे ठसे घेणारं यंत्र होतं, ते आकडा दाखवायचं. कासमभाई त्या यंत्राकडे पाठ करून उभे राहायचे आणि हाका मारायचे. "रामअवतार." "हाय." "शौकत." "हाय." "बिष्णू." "हाय." उत्तर 'हाय' असंच द्यायचं. 'प्रेझेंट सर' म्हणणाऱ्याला ते म्हणत, "तू शाळेत नाय आलास. हाय का नाय तेवडं सांग." त्यामुळे बलियाचा रामअवतार आणि ओडिशाचा बिष्णू रत्नागिरीच्या सुरात 'हाय' म्हणायचे. नावं कागदावर कधीच नसत, सगळी त्यांच्या तोंडात असत. नवा माणूस आला की कासमभाई त्याचं नाव विचारत, ते त्याच्यासमोर दोनतीनदा म्हणून बघत, आणि चुकलं तर त्याच्याकडून दुरुस्त करून घेत. 'ए बंगाली', 'ए भैया' ही हाक त्यांच्या टोळीत चालत नसे. एकदा एका तरुण इंजिनियरने फोनवर विचारलं, "मुकादम, किती नफर पाठवले?" कासमभाईंनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली. मधेच तो म्हणाला, "अहो, आकडा सांगा ना." कासमभाई म्हणाले, "आकड्याला पाय नसतात साहेब. आकडा परांचीवर चढत नाय," आणि पुढचं नाव सांगितलं. इंजिनियरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नाही ऐकून करतो काय, परांची त्यालाच हवी होती.

माझा जन्म पत्रकांतला. माझे वडील ठाण्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर पत्रकं वाटायचे. आमच्या घरी भाजी त्या पत्रकांवर निवडली जायची आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. इथे उघडपणे पत्रक काढता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी उन्हाळ्यात भर दुपारी करून घेतात त्या कामाविरुद्ध मी एक पानभर मजकूर लिहिला आणि आधी कासमभाईंना दाखवला. त्यांनी तो यार्डातल्या दिव्याखाली उभं राहून ओठ हलवत पूर्ण वाचला.

"चांगलं लिवलंस," ते म्हणाले. "पण ह्यात माणूस कुटं हाय?"

"सगळं माणसांबद्दलच आहे, कासमभाई."

"'कामगार', 'कामगार', 'कामगार'. एकाचं तरी नाव हाय काय ह्यात? मॅनेजर बोलतो नफर, तू बोलतोस कामगार. दोगांनाबी बिष्णू दिसत नाय."

तेव्हापासून ते मला 'पत्रकवाले' म्हणू लागले. संदेश हे माझं नाव त्यांनी दिवसातून एकदाच घ्यायचं ठरवलं होतं, हाकेच्या वेळी. मी त्यांच्या टोळीत नव्हतो. तरीही शेवटी ते स्टोअरच्या खिडकीकडे बघून हाक मारत आणि मी आतून 'हाय' म्हणत असे.

ही खोड कुठून आली, ते मला अल हैलला कळलं. तिथे त्यांच्या पुतण्याचं बिऱ्हाड होतं. एका शुक्रवारी ते मला तिकडे जेवायला घेऊन गेले. पुतण्याची मुलगी ताटं मांडत होती. "वन, टू, थ्री..." असं म्हणत ती आमच्याकडे बोट करू लागली, तसा कासमभाईंनी तिचा हात हळूच खाली केला.

"मोजू नको गो. नावं घे."

"बट दादा, हाऊ विल आय नो? म्हणजे... ताट कमी झालं तर?"

"ताट कमी झालं तर आणता येतं," ते म्हणाले. "माणूस मोजला की कमी होतो."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा आजा गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. होडीत बसलेली माणसं मोजायची नाहीत, असा त्यांच्याकडचा नेम. दर्याला आकडा ऐकू जातो, म्हणे, आणि मग तो आपला वाटा मागतो. एकदा नवख्या मालकाने बंदरातून निघताना खलाशी मोठ्याने मोजले, आणि गलबत परत आलं तेव्हा तो आकडा भरला नाही. आजा तेव्हापासून नावं घ्यायचा. एकेकाला हाक मारायची, त्याने ओ द्यायची. पुतण्याची बायको हसून मला म्हणाली, "घरी पण तसंच. अंडी पण मोजू देत नाहीत."

मला ही अंधश्रद्धा वाटली आणि मी तसं बोललो. कासमभाई भाताचा घास घेत म्हणाले, "असंल. तुजा मोजण्यावर इश्वास हाय, माजा हाकेवर. बगू कोण बुडतो."

त्यांच्या हाकेने एक माणूस वाचला होता, ही गोष्ट यार्डात सगळ्यांना पाठ होती. एका उन्हाळ्यात साइट सुटली, बस भरली, ड्रायव्हरने डोकी मोजली, आकडा बरोबर आला. कासमभाईंनी हाका मारल्या, तर शौकतचं उत्तर नाही. ड्रायव्हर वैतागला. "मुकादम, गिनती बराबर है. यल्ला, चलो." कासमभाई उतरले आणि परांची चढू लागले. वरच्या फळीवर शौकत बेशुद्ध पडला होता, अंग तापलेल्या तव्यासारखं. बसमध्ये दुसऱ्या कंपनीचा एकजण फुकट बसला होता, म्हणून आकडा जुळला होता. या गोष्टीनंतर कासमभाईंच्या हाकेला यार्डात अजानीइतका मान आला. त्यांनाही तिचा अभिमान होता. तो ते लपवत नसत.

आता एका खाडीचं सांगतो.

मस्कतच्या पुढे यितीच्या बाजूला डोंगर थेट समुद्रात उतरतात, आणि त्या डोंगरांच्या बेचक्यात छोट्या छोट्या खाड्या लपलेल्या आहेत. तिथे जायला जमिनीवरून वाट नाही. कोळ्यांच्या गावातून फायबरच्या लहान होडीने जायचं, दोन कड्यांमधल्या अरुंद तोंडातून आत शिरायचं, की समोर वाळूची पट्टी आणि हिरवं, बशीतल्यासारखं निश्चल पाणी. बाहेर समुद्र कितीही खवळलेला असो, आत काही कळत नाही. ती जागा सुंदर आहे ती याच्यामुळे, आणि दगा देते तीही याच्यामुळेच.

वर्षातून एकदा कंपनी टोळीला त्यांतल्या एका खाडीत सहलीला नेते. फोटो निघतात, ते मुख्य कार्यालयात लागतात. त्या फेब्रुवारीत आम्ही दोन होड्यांतून गेलो. आम्ही किती जण होतो ते मी इथे लिहीत नाही, कासमभाईंना आवडणार नाही. आमच्याबरोबर मॅनेजर नाईकसाहेब होते, आणि कॅम्पच्या मेसचा ठेकेदार होता. त्याला सगळे सेठ म्हणत. तो मोठमोठ्या हांड्या आणि स्वयंपाकाला एक माणूस घेऊन आला होता.

आमचा होडीवाला सालेम, ओमानी, तरुण, सतत च्युइंगम चघळणारा. निघताना त्याने विचारलं, "कम नफर?" किती माणसं?

कासमभाई म्हणाले, "नफर मत पूछो. नाम पूछो." मग त्यांनी हाका मारल्या, सगळ्यांनी 'हाय' म्हटलं, आणि सालेम हसून म्हणाला, "मुकादम, तुम्हारा हाजिरी बहुत लंबा है."

दिवस चांगला गेला. माणसं पाण्यात पोरांसारखी खेळली. कासमभाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले, त्यांना असं नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. वाळूच्या टोकाला एक मोठा खडक होता, त्याच्यापलीकडे चूल मांडलेली. तिकडून बिर्याणी आली. कासमभाईंनी दोनदा घेतली. "सेठ, कोणी बनवली?"

"माझा माणूस आहे," सेठ म्हणाला.

"हात चांगला हाय त्याचा," कासमभाई म्हणाले आणि बोटं चाटली.

दुपार कलली तसा सालेम खाडीच्या तोंडापर्यंत एक फेरी मारून आला. त्याच्या तोंडात च्युइंगम नव्हतं. "शमाल," तो म्हणाला. "बाहर मौज बड़ा है. अभी. यल्ला." उत्तरेचा वारा सुटला होता, बाहेर लाटा मोठ्या झाल्या होत्या. आत पाण्यावर सुरकुतीही नव्हती, त्यामुळे कोणालाच घाई वाटेना. सालेमनेच ओरडून ओरडून सगळ्यांना होड्यांत बसवलं. सेठ म्हणाला, हांड्या इथेच राहू देत, सकाळी होडी पाठवून नेईन. नाईकसाहेबांनी कंपनीची माणसं मोजली, मान हलवली. कासमभाईंनी हाका मारल्या, सगळ्यांची 'हाय' आली.

"कम नफर?" सालेमने पुन्हा विचारलं.

"सगळे हाय. चल."

तोंडातून बाहेर पडताच होडी उभीच राहिली. पाणी अंगावर फुटत होतं. रामअवतार, ज्याने आयुष्यात समुद्र फक्त विमानातून पाहिला होता, त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर दोन दिवस तिथे वळ होते. गावाच्या धक्क्याला लागलो तेव्हा सगळे एकदम हसायला लागले, मरणाच्या भीतीतून सुटलेली माणसं हसतात तसे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा आला. कासमभाई पहिला घोट घेणार, तेवढ्यात सेठ त्यांच्याजवळ आला.

"मुकादम, मतीन तुमच्या होडीत होता ना?"

"कोण मतीन?"

"माझा माणूस. स्वयंपाकाचा."

कासमभाईंनी चहा खाली ठेवला. "तुज्या होडीत नव्हता?"

"मला वाटलं तुमच्यात असेल. तो खडकापलीकडे हांड्या घासत होता."

सूर्य डोंगरामागे गेला होता. बाहेर लाटांची पांढरी टोकं दिसत होती.

मी फोन काढला. कोस्ट गार्डला कळवायचं, यात विचार कसला करायचा? सेठने माझं मनगट धरलं. "थांब. त्याच्याकडे पताका नाही." पताका म्हणजे इथलं ओळखपत्र. "जुन्या अर्बाबकडून, मालकाकडून पळून आलाय. पोलीस आधी त्याला आत टाकतील, मग मला. मग तुमच्या कंपनीला विचारतील, तुमच्या मेसमध्ये हा काय करत होता."

नाईकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, घाबरण्यासारखं काही नाही. खाडी बंदिस्त आहे. वारा लागणार नाही. जेवण उरलंय तिकडे. सकाळी हांड्या आणायला होडी जाणारच आहे, तीच त्याला घेऊन येईल."

"आज चौदस हाय," कासमभाई म्हणाले. "उद्या पुनव. रातीला उधाण येईल. ती वाळू ऱ्हाणार नाय."

"खडक आहेत की."

"साहेब, तुमी झोपाल त्या खडकावर?"

"मुकादम, आवाज खाली. आपली सगळी माणसं परत आलेली आहेत. मी स्वतः मोजलीत."

मी तापलो होतो. मी म्हणालो, "ऐका कासमभाई, हेच आहे यांचं मोजणं. मतीन यांच्या आकड्यात नव्हताच. कितीही वेळा मोजलं असतं तरी आकडा बरोबरच आला असता. यात तुमची काही चूक नाही, ही व्यवस्थाच..."

"तुजं पत्रक बरोबर हाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण हाक मी मारत होतो."

मग अगदी हळू आवाजात, "जेवलो त्याच्या हातचं. दोनदा जेवलो. नाव नाय इचारलं."

ते सालेमकडे गेले. सालेम होडी बांधत होता. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ला. नहीं. अंधेरा होगा. मौज देखा न तुमने?"

कासमभाईंनी त्याला विनवलं नाही, धमकावलंही नाही. आपल्या मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "तूने दो बार पूछा, कितना नफर. दो बार मैंने तेरे को चुप किया. गलती मेरा है. मेरे को तैरना आता है, होडी चलाना नहीं आता. होडी तेरा है, तू बोल."

सालेम लाटांकडे बघत राहिला. मग त्याने बांधलेला दोर सोडायला घेतला. "तीन आदमी. जास्ती नहीं. एक बत्ती पकड़ेगा, पानी निकालेगा."

मी चढलो. मला कोणी चढायला सांगितलं नव्हतं आणि कोणी उतरवलंही नाही. कासमभाईंनी बसच्या ड्रायव्हरला हाक मारली. "रात को इशा की अजान तक हम नहीं आया, तो पुलिस को फोन कर. कागज का बाद में देखेगा. पहले आदमी." सेठने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. टोळीतले सगळेजण त्याच्याकडे वळून बघू लागले. त्याने तोंड मिटलं.

सालेमने इंजिन चालू केलं आणि सवयीने विचारलं, "कम नफर?" विचारल्यावर त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं असावं.

"तीन," कासमभाई म्हणाले.

तो आकडा त्यांच्या तोंडून बाहेर पडताना मी त्यांचा चेहरा पाहिला. माझा आकड्यांच्या शकुनावर आजही विश्वास नाही. पण ज्याचा आहे, त्याने अंधार पडताना, फुटणाऱ्या लाटांच्या तोंडावर, स्वतःच्या होडीतली माणसं मोठ्याने मोजली. अपशकुन होणार असेल तर तो आपल्याला होऊ दे, असा तो हिशेब होता. यापेक्षा मोठं धाडस मी पाहिलेलं नाही.

जाताना वारा समोरून. डब्याने पाणी उपसून उपसून माझे खांदे भरून आले, उपसलं त्याहून जास्त आत येत होतं. सालेम लाटेवर चढताना इंजिन कमी करायचा आणि उतरताना वाढवायचा, तोंडाने अल्लाचं नाव. कासमभाई पुढे बसले होते, दोन्ही हातांनी काठ धरून, नजर कड्यांवर. कड्यांचं तोंड दिसेना. एकदा सालेमने होडी चुकीच्या बेचक्यात घातली, समोर एकदम खडक आला, त्याने शिवी हासडून वळवली. लाट आडवी बसली, होडी कलंडली, सावरली. कासमभाई म्हणाले, "सालेम." फक्त नाव. सालेम म्हणाला, "हाय." त्या परिस्थितीतही मला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली.

मग एकदम सगळं शांत झालं. आम्ही तोंडातून आत शिरलो होतो. वारा कड्यांच्या पलीकडे राहिला. पाणी काळं, सपाट. डोंगराच्या कडेवर चंद्र नुकता येत होता. वाळूची पट्टी अर्धी पाण्याखाली गेली होती. चुलीची जागा दिसत नव्हती.

"मतीन," कासमभाईंनी हाक मारली.

यार्डातली तीच हाक. कड्यांवर आपटून ती परत आली. उत्तर नाही.

"मतीन."

सालेमने इंजिन बंद केलं. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. मग खडकाकडून आवाज आला, माणसाचा नव्हे, पितळेचा. कोणीतरी हांडीवर झारा वाजवत होतं.

मी बत्ती तिकडे फिरवली. पन्नाशीचा, किडकिडीत, लुंगी गुंडाळलेला माणूस खडकाच्या खालच्या पायरीवर बसला होता, पाणी त्याच्या घोट्यांना लागत होतं. वरच्या कोरड्या, रुंद पायरीवर हांड्या रचून ठेवल्या होत्या. लख्ख घासलेल्या. कोरडी जागा त्याने त्यांना दिली होती.

कासमभाई कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याच्यापर्यंत गेले. "आवाज क्यों नहीं दिया?"

मतीन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला बहुधा प्रश्नच कळला नाही. मग तो म्हणाला, शांतपणे, जणू आम्हालाच धीर देत होता, "मालूम था. हांडी लेने को तो आएगा."

मतीन उठला, वळला, सगळ्यात मोठी हांडी दोन्ही हातांनी उचलून त्याने पुढे केली. कासमभाईंनी ती घेतली. घेऊन परत वर, कोरड्या पायरीवर ठेवली. मतीनने दुसरी उचलली. तीही त्यांनी त्याच्या हातून घेऊन वर ठेवली.

"हांडी नहीं," ते म्हणाले. "तुम."

त्यांनी त्याचा हात धरला आणि होडीपर्यंत आणलं. खांद्यावरचा टॉवेल भिजून गेला होता, तो पिळून त्याच्या पाठीवर टाकला. होडी तोंडाकडे वळली, बाहेरचा गर्जणारा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. सालेमने मागे वळून बघितलं आणि या खेपेला मुद्दाम, अगदी आदबीने विचारलं, "मुकादम. कम नफर?"

"नफर मत पूछ," कासमभाई म्हणाले. त्यांचा आवाज परत जाग्यावर आला होता. "सालेम. संदेश. मतीन."

"और तुम?"

"और कासम."

वारा आता पाठीवर होता. इशाची अजान आम्ही धक्क्याला लागता लागता ऐकली. ड्रायव्हर फोन हातात घेऊन उभा होता. टोळी बसमध्ये न बसता काठावर रांगेत थांबलेली, कोणाच्या हातात गरम चहा, कोणाच्या हातात चादर. शौकतने मतीनला हात देऊन वर घेतलं. सेठ गर्दीतून पुढे आला, होडीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "माझ्या हांड्या?"

"हायत तिकडंच," कासमभाई म्हणाले. "सकाळी होडी जाणारच हाय ना."

दुसऱ्या आठवड्यात नाईकसाहेबांनी त्यांना बोलावलं. झालेलं झालं, त्याबद्दल कोणी विचारलं तर कोणीही मागे राहिलं नव्हतं, एवढंच सांगायचं, असं त्यांनी बजावलं. पण कंपनीच्या अर्बाबने यार्डात येऊन सगळ्यांसमोर विचारलं. कासमभाई म्हणाले, "एक माणूस मागं ऱ्हायला होता. माज्या हातून ऱ्हायला. कोणाचा, ते इचारू नका, सांगणार नाय." अर्बाबने पुढे विचारलं नाही. पण महिना संपायच्या आत कासमभाईंची बदली दुक्मला झाली. दुक्म म्हणजे वाळवंट, बंदर, रिफायनरी आणि फक्त पुरुष. तिथे पाठवणं ही शिक्षा आहे, हे कंपनी कधी म्हणत नाही आणि सगळ्यांना कळतं. मी स्टोअरमधून नाईकसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि मला जे म्हणायचं होतं ते म्हणालो. ते इथे लिहीत नाही, कारण हे कासमभाईंचं चित्र आहे, माझं नव्हे. आणि त्याने काही बदललंही नाही.

मतीनने सेठचं काम सोडलं. यार्डासमोरच्या चहाच्या टपरीवर तो कप धुवायला लागला. पताकेचं काय करायचं हे कासमभाई त्याच्याशी रोज थोडं थोडं बोलत. वकिलातीत जायचं की नाही, गेलं तर काय होईल. घाई करत नसत. "जायाचं तर त्यानं ठरवायचं," ते मला म्हणाले. "'सगळे हाय' बोलून मी आदीच एकदा त्याच्यासाटी ठरवून निगालो होतो."

दुक्मची बस निघाली त्या सकाळी मी फाटकाशी उभा होतो. नवी टोळी, बहुतेक चेहरे अनोळखी. कासमभाई दारात एक पाय पायरीवर ठेवून हाका मारत होते. काही नावं अजून त्यांच्या जिभेला नवी होती, ती ते सावकाश म्हणत. 'हाय', 'हाय', 'हाय'. शेवटचं उत्तर आलं. ड्रायव्हरने गिअर टाकला.

पण कासमभाई आत गेले नाहीत. त्या खाडीनंतर त्यांनी हाकेच्या शेवटी एक गोष्ट वाढवली होती. टोळी संपली की ते बाहेरच्या मोकळ्या जागेकडे तोंड करून विचारायचे आणि थांबायचे. फाटकावरचा पहारेकरी, पाण्याच्या टँकरचा माणूस, झाडू मारणारा, जो कोणी कोणाच्याच आकड्यात नसेल तो.

"अजून कोण?"

"संदेश," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण नजर माझ्यावर नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ते थांबले होते.

रस्त्यापलीकडे टपरीवर पाण्याचा आवाज थांबला. ओले हात लुंगीला पुसत तो बाहेर आला.

"मतीन," त्याने आवाज दिला. "हाय."

"हां," कासमभाई म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. "आता चल. यल्ला." आणि दार आतून ओढून घेतलं.